बाजरीचा दाणा, मोहरीचा दाणा: शाळेच्या अंगणात मंगळाचे दोन चंद्र मांडण्याची रीत

मंगळाला दोन चंद्र आहेत, फोबॉस आणि डायमॉस, एवढे वाक्य आपल्याकडील पाचवी-सहावीचा कोणताही विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवतो. पण ते चंद्र केवढे, मंगळापासून किती दूर आणि किती वेगाने फिरणारे, हे विचारले की वर्ग गप्प होतो. याचा दोष मुलांचा नाही. चित्रात मंगळ चेंडूएवढा आणि त्याचे चंद्र बोराएवढे काढलेले असतात, कारण खऱ्या मापात काढले तर छापखान्यातील शाईचा ठिपकाही त्यांच्यापुढे मोठा ठरेल. कागद सोडून अंगणात उतरले तर मात्र आकार, अंतर आणि वेळ ही तिन्ही मापे एकाच वेळी खरी ठेवता येतात. चोपडा-यावल भागातील सातपुड्याच्या पायथ्याच्या एका लहान शाळेत ही मांडणी मी काही वर्षे करीत आलो आहे. तिला खर्च जवळजवळ नाही आणि जागा पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद पुरते.

माप असे ठरवावे: १ सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. मंगळाचा व्यास सुमारे ६,७८० किलोमीटर असल्याने आपला मंगळ ६८ सेंटिमीटर रुंदीचा होईल. फोबॉस मंगळाच्या केंद्रापासून सुमारे ९,३८० किलोमीटरवर फिरतो आणि डायमॉस सुमारे २३,४६० किलोमीटरवर, म्हणून त्यांची वर्तुळे अनुक्रमे ९४ सेंटिमीटर आणि २३५ सेंटिमीटर त्रिज्येची काढावी लागतील. तुलनेसाठी सांगायचे तर याच मापात आपली पृथ्वी १२७ सेंटिमीटर रुंद होते, आपला चंद्र ३५ सेंटिमीटरच्या परातीएवढा होतो आणि ती परात पृथ्वीपासून ३८ मीटर दूर, म्हणजे आमच्या शाळेच्या बाबतीत कुंपणाबाहेरच्या कापसाच्या शेतात ठेवावी लागते.

जागा शक्यतो शेणाने सारवलेली किंवा पाणी मारून चोपून बसवलेली असावी. मध्यभागी लोखंडी खुंटी ठोकून तिला दोरीचा सैल फासा घालावा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला चुन्याची पुरचुंडी किंवा टोकदार काडी बांधून वर्तुळे ओढावीत. दोरीची निवड वाटते तितकी किरकोळ बाब नाही. पहिल्या वर्षी मी नवी नायलॉनची दोरी वापरली. ती ताणली की लांबत असे, त्यामुळे डायमॉसचे वर्तुळ फिरून परत आले तेव्हा सुरुवातीच्या रेघेपासून वीतभर बाहेर गेले होते आणि मुलांनी त्याला वर्तुळ न म्हणता जिलेबी म्हटले. तेव्हापासून मी पीळदार सुती दोरी वापरतो, आणि तीही कोरडी, कारण ओली झाली की ती आखडते. आतल्या ३४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात गेरू भरावा. मंगळाचा तांबूसपणा लोहाच्या गंजामुळे आहे आणि गेरूचा रंगही लोहाच्याच ऑक्साइडमुळे असतो, तेव्हा येथे निव्वळ रंगाचे नव्हे, द्रव्याचेही साम्य आहे.

आता चंद्र निवडायचे. फोबॉस गोल नाही. त्याची मापे साधारण २७, २२ आणि १८ किलोमीटर आहेत, म्हणजे आपल्या मांडणीत तो २.७ मिलिमीटर लांब, २.२ रुंद आणि १.८ जाड ठरतो. त्यासाठी बाजरीचा दाणा अगदी जुळतो, कारण तोही एका टोकाला निमुळता आणि ओबडधोबड असतो. मात्र संकरित वाणाचा टपोरा दाणा घेऊ नये. चाळणीतून खाली पडलेला बारका दाणा घ्यावा. खात्री करण्यासाठी असे दहा दाणे एका रांगेत टोकाला टोक लावून ठेवावेत, पट्टीने लांबी मोजावी आणि दहाने भागावे. उत्तर पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास आले की काम झाले. डायमॉस त्याहून लहान, साधारण १५, १२ आणि ११ किलोमीटरचा. त्याला मोहरीचा बारीक दाणा पुरतो. दोन्ही दाणे पांढऱ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर डिंकाने चिकटवावेत. हे मी अनुभवाने सांगतो, कारण एका वर्षी दाणे नुसतेच रेघेवर ठेवले होते आणि मी मंगळाविषयी बोलत असताना एका चिमणीने फोबॉस टिपून नेला.

दाणा चिकटवताना त्याचा लांब अक्ष मंगळाच्या केंद्राकडे वळवावा. दोन्ही चंद्र मंगळाला नेहमी एकच बाजू दाखवीत फिरतात, जसा आपला चंद्र आपल्याला दाखवतो, आणि त्यांचे लांब टोक मंगळाकडे रोखलेले असते. नंतर एका मुलाला मंगळाच्या कडेपाशी डोळा जमिनीलगत आणून फोबॉसकडे पाहायला सांगावे. कडेपासून दाणा फक्त ६० सेंटिमीटरवर आहे. मंगळाच्या जमिनीवरून खरा फोबॉस माथ्यावर असताना एवढाच दिसतो, आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा लहान. तेथून मोहरीचा दाणा मात्र जेमतेम ठिपका वाटतो, आणि खरा डायमॉसही मंगळावरून एखाद्या ठळक चांदणीसारखाच भासतो.

येथवरची मांडणी स्थिर आहे. खरी गंमत ती चालू केल्यावर येते, म्हणून यापुढच्या भागाला घाई करू नये.

वेळेचे माप १ तास म्हणजे २ सेकंद असे धरावे. फोबॉस मंगळाभोवती ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी करतो, म्हणजे आपल्याकडे १५ सेकंदांत. डायमॉसला ३० तास १८ मिनिटे लागतात, म्हणजे साधारण ६१ सेकंद. मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो, म्हणजे ४९ सेकंदांत. मुलांना ‘पंधरा सेकंदांत फेरी पूर्ण कर’ असे नुसते सांगितले तर ती आधी धावतात आणि मग रेंगाळतात. त्यापेक्षा वर्तुळावर थांबे आखून द्यावेत. फोबॉसच्या वर्तुळावर पाच खुणा कराव्यात, लगतच्या दोन खुणांत सरळ रेषेत ११० सेंटिमीटर अंतर ठेवून, आणि प्रत्येक खुणेला तीन सेकंद द्यावेत. डायमॉसच्या वर्तुळावर १२२ सेंटिमीटरच्या अंतराने बारा खुणा बसतात, प्रत्येकीला पाच सेकंद. एका मुलीच्या हाती थाळी आणि चमचा देऊन, मोबाइलमधील घड्याळाकडे पाहत दर सेकंदाला ठोका द्यायला सांगावे. हे काम ताल धरणाऱ्या मुलीकडेच सोपवावे. कानबाईच्या गाण्यांत टाळ्यांचा ठेका धरणारी कोणी ना कोणी प्रत्येक वर्गात असतेच.

तिसरा मुलगा मंगळ होतो. त्याने खुंटी काढून तिच्या जागी उभे राहावे आणि तोंड नेहमी बाहेर ठेवून, वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे स्वतःच्या डावीकडे, सावकाश फिरत राहावे. पाव गिरकीला बारा ठोके. दोन्ही चंद्रही त्याच उलट दिशेने चालतात. मंगळाच्या विषुववृत्तावर उताणे पडून आकाश पाहणारा माणूस म्हणजे हा मुलगा, असे समजावे. त्याचे डोके उत्तरेला आहे, डावा हात पूर्व आहे आणि उजवा हात पश्चिम. आता त्याच्या पोटासमोर, गेरूच्या कडेवर येईल अशा बेताने, दीड मीटरची काठी आडवी धरायला सांगावी. ही काठी म्हणजे क्षितिज. काठीच्या रेषेपलीकडे आहे ते आकाशात उगवलेले, अलीकडे आहे ते मावळलेले. काठी याहून लांब घेऊ नये, नाही तर तिचे टोक फोबॉसच्या पोटात जाते.

थाळी सुरू झाली की मंगळ झालेल्या मुलाने फोबॉस काठीपलीकडे आला की ‘उगवला’ आणि मागे गेला की ‘मावळला’ असे मोठ्याने म्हणावे, आणि कोणत्या हाताकडून, तेही सांगावे. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा त्या मुलाने ‘उगवला, उजवा’ म्हटले आणि मग स्वतःच गोंधळून थांबला, कारण उजवा हात म्हणजे पश्चिम हे आम्ही नुकतेच ठरवले होते. गोंधळ त्याचा नव्हता. मंगळ स्वतःभोवती एकदा फिरेपर्यंत फोबॉसच्या तीनहून अधिक फेऱ्या होतात; तो जमिनीला मागे टाकून पुढे जातो, म्हणून मंगळावरून पाहणाऱ्याला तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. आपल्या मापात तो साडेआठ सेकंद दिसतो आणि एका उगवण्यापासून दुसऱ्या उगवण्यापर्यंत २२ सेकंद जातात. प्रत्यक्षात हे आकडे सव्वाचार तास आणि ११ तास ६ मिनिटे असे आहेत. म्हणजे मंगळावरच्या एकाच दिवसात तो बहुधा दोनदा उगवून दोनदा मावळतो.

डायमॉसची तऱ्हा नेमकी उलट आहे. तो मंगळाच्या गिरकीपेक्षा थोडाच मंद असल्याने पूर्वेकडूनच उगवतो, पण आकाशात इतका हळू सरकतो की मुलाला तो खिळल्यासारखा वाटतो. उगवल्यापासून मावळेपर्यंत आपल्याकडे पूर्ण दोन मिनिटे जातात, म्हणजे मंगळावर सुमारे ६० तास, आणि तो पुन्हा उगवेपर्यंत मंगळाच्या पाचाहून अधिक गिरक्या होतात. एवढा वेळ थांबायला मुले कंटाळतात, तरी एकदा तरी ही फेरी पूर्ण होऊ द्यावी. पाठीमागे गेलेला डायमॉस किती वेळ येतच नाही, हे अंगणात उभे राहूनच कळते. ‘गुरुजी, चंद्र कथा शे?’ (चंद्र कुठे आहे?) हा प्रश्न अहिराणीत मला याच टप्प्यावर दर वर्षी ऐकू येतो.

यानंतर खुंटी पुन्हा ठोकून एक तुटक वर्तुळ काढावे, त्रिज्या २०४ सेंटिमीटर. हे वर्तुळ बहुतेक चित्रांत नसते, आणि माझ्या मते सगळ्या मांडणीत तेच सर्वांत मोलाचे आहे. या अंतरावरचा उपग्रह मंगळाच्या गिरकीएवढ्याच वेळात फेरी पूर्ण करतो. फोबॉस या रेषेच्या पुष्कळ आत आहे, डायमॉस तिच्या जेमतेम ३१ सेंटिमीटर बाहेर, आणि दोघांचे भवितव्य या रेषेने ठरवले आहे. चंद्राच्या ओढीने मंगळाच्या अंगाला अगदी सूक्ष्म फुगवटा येतो. फोबॉस जमिनीपेक्षा वेगाने पुढे निघून जात असल्याने तो फुगवटा त्याच्या मागे पडतो आणि त्याला मागे खेचत राहतो. परिणामी फोबॉस दर शंभर वर्षांना सुमारे १.८ मीटर मंगळाकडे घसरतो. आपल्या मांडणीत दाणा एक सेंटिमीटर आत सरकवायला आजच्या वेगाने पंचावन्न लाख वर्षे लागतील, मात्र जवळ जाता जाता हा वेग वाढत जातो. सुमारे पाच कोटी वर्षांत तो मंगळावर आदळेल किंवा त्याआधीच फुटून त्याच्या तुकड्यांचे कडे मंगळाभोवती तयार होईल, असा अंदाज आहे. डायमॉसच्या बाबतीत फुगवटा पुढे राहतो, त्यामुळे तो अतिशय हळूहळू दूर ढकलला जात आहे.

अंगणात एका बाजूला आठ मीटर मोकळे असतील तर केंद्रापासून बरोबर ८ मीटर ४ सेंटिमीटरवर एक काठी रोवून तिला लहान तिरंगा बांधावा. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघून २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले तेव्हा त्याची कक्षा अशीच लांबट होती: जवळ आले की जमिनीपासून सुमारे ४२० किलोमीटर, म्हणजे गेरूच्या कडेपासून चार सेंटिमीटर, आणि दूर गेले की सुमारे ७७,००० किलोमीटर, म्हणजे ही काठी. मंगळाभोवतीची बहुतेक याने डायमॉसच्या वर्तुळाच्या आतच फिरतात आणि डायमॉस आतल्या बाजूला कायम एकच तोंड दाखवतो, म्हणून त्याची पाठ क्वचितच कोणाला दिसते. मंगळयान बाहेर जात असल्याने ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याला ती पाठ टिपता आली. हे वाक्य पुस्तकात वाचताना मुलांच्या लक्षात येत नाही. काठीपाशी उभे राहून पुठ्ठ्यावरच्या मोहरीकडे पाहिले की लगेच येते.

दाण्यावर पृष्ठभाग दाखवता येत नाही, म्हणून त्यासाठी वेगळे, मोठे माप घ्यावे: १ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर. आपल्या तापीकाठची काळी माती याला फार सोयीची आहे, कारण दोन्ही चंद्र कोळशासारखे काळपट आहेत आणि पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ७ टक्के परत पाठवतात. नुसती काळी माती वाळताना भेगाळते हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगावे लागत नाही. पोळ्याचे बैल करताना मिसळतात तसा बारीक भुसा तिच्यात मळून घ्यावा. फोबॉस २७, २२ आणि १८ सेंटिमीटरचा, मोठ्या बटाट्यासारखा करावा आणि त्याच्या एका बाजूला नऊ सेंटिमीटर रुंदीचा खोल खड्डा पाडावा. त्यासाठी वाटी दाबली तरी चालते. हे स्टिकनी विवर. त्या आघाताने फोबॉस फुटला कसा नाही, असा प्रश्न मुले विचारतात आणि तो रास्त आहे. याहून थोडा मोठा आघात झाला असता तर बहुधा फुटलाच असता. मग खराट्याच्या काडीने एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या समांतर रेघा ओढाव्यात. खऱ्या फोबॉसवरही शंभर-दोनशे मीटर रुंदीच्या अशा खाचांचे पट्टे आहेत आणि त्यांचे कारण काय, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. डायमॉस १५, १२ आणि ११ सेंटिमीटरचा करून शेवटी ओल्या हाताने चांगला पुसून गुळगुळीत करावा, कारण त्याच्यावरील खड्डे धुळीच्या जाड थराने बरेचसे बुजलेले आहेत.

हे गोळे वाळत असताना वजनाचे गणित घालावे. फोबॉसवर ६० किलो वजनाचा माणूस तराजूवर उभा राहिला तर काटा सुमारे ३५ ग्रॅम दाखवील, एका लिंबाएवढे. डायमॉसवरून ताशी सुमारे २० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने दगड भिरकावला तर तो परत येणार नाही, आणि गोफण चालवणाऱ्या आमच्या पोरांना तर एवढा वेग हसू येण्यासारखा वाटतो.

राहिला प्रश्न खरे चंद्र पाहण्याचा. मंगळ पृथ्वीजवळ दर सव्वीस महिन्यांनी येतो. पुढची अशी वेळ १९ फेब्रुवारी २०२७ ची आहे. त्या सुमारास तो सिंह राशीत असेल, सूर्य मावळताना पूर्वेला उगवेल आणि रात्रभर दिसेल. माघ महिन्यातील खानदेशचे आकाश कोरडे आणि स्वच्छ असते, ही मोठीच अनुकूलता. २००३ मध्ये मंगळ सर्वांत जवळ आला होता तो ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात. मात्र मुलांना आधीच सांगून ठेवावे की लहान दुर्बिणीतून तांबूस चकतीच दिसेल, चंद्र नाहीत. ते फार मंद आहेतच, शिवाय मंगळाच्या इतके लगटून आहेत की त्याच्या झगमगाटात बुडून जातात. वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉल यांच्याकडे २६ इंच व्यासाची दुर्बीण होती, तरी त्यांना १८७७ च्या ऑगस्टमध्ये मंगळ दृष्टिक्षेत्राबाहेर सरकवून त्याच्या कडेचा अंधार धुंडाळावा लागला. शोध सोडून देण्याच्या बेतात असताना पत्नी अँजेलिना यांनी त्यांना पुन्हा दुर्बिणीकडे पाठवले, आणि आधी डायमॉस, मग सहा दिवसांत फोबॉस सापडला. स्टिकनी हे त्यांचेच माहेरचे आडनाव. आज दहा-बारा इंची दुर्बीण असलेली हौशी मंडळी मंगळ एका पातळ पट्टीआड झाकून डायमॉस टिपण्याचा प्रयत्न करतात. अशी मंडळी जवळ असतील तर त्यांना त्या दिवसांत शाळेत अवश्य बोलवावे.

दुर्बीण मिळो न मिळो, त्या संध्याकाळी मुलांना अंगणात गेरूच्या वर्तुळापाशी उभे करून आपल्याच मापात त्या दिवशीचे अंतर विचारावे. पृथ्वी तेव्हा मंगळापासून सुमारे दहा कोटी किलोमीटरवर असेल, म्हणजे अंगणातील मंगळापासून दहा किलोमीटर दूर. आमच्या शाळेपासून एवढ्या अंतरावर तालुक्याच्या रस्त्यावरचे एक गाव येते, आणि त्या गावच्या वेशीवरून आमच्या अंगणातला बाजरीचा दाणा शोधायचा आहे.